गावात घ्यावं की विश्रामबागला?
वाचकांचे प्रश्न : घर, जागा, कागदपत्रे

सांगलीत घर घेऊ पाहणाऱ्यांच्या पत्रांत फिरून फिरून एकच प्रश्न येतो, म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच दिली आहे. बांधकामाविषयीची उत्तरे स्थापत्य अभियंत्यांनी आणि कागदांविषयीची उत्तरे मिळकतींचे काम पाहणाऱ्या वकिलांनी दिली आहेत.

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही दोघे पुण्याहून सांगलीला परत येत आहोत. गावभागात गणपती मंदिरापासून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर, पंधरा वर्षांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट पाहिला आहे. तेवढ्याच पैशांत विश्रामबागला थोडा लहान फ्लॅट मिळतो. मुलगा म्हणतो, गावात पूर येतो, नावच काढू नका. सौ. म्हणतात, देऊळ, मंडई आणि ओळखीची माणसं गावातच आहेत. कोणाचे ऐकावे?

मुलाचे म्हणणे निम्मे खरे आहे. पुराला गाव आणि उपनगर कळत नाही, त्याला उंची कळते. सांगलीत ही उंची मोजायची पट्टी सगळ्यांच्या ओळखीची आहे, कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरची. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेले, ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ च्याही पुढे, जुलै २०२१ मध्ये ५४ च्या वर. पाणी चाळिशीच्या आसपास आले की सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता यांची नावे बातम्यांत यायला लागतात. ही नावे नीट वाचा. यांतले बरेचसे ‘प्लॉट’ आणि ‘नगर’ आहेत, म्हणजे नंतरची वस्ती. जुनी पेठ त्यानंतर भिजते, आणि तीही सगळी एकदम नाही. जुने ते बुडणारे आणि नवे ते कोरडे, असा हिशेब इथे चालत नाही.

तेव्हा ‘गावभाग’ हे नाव बाजूला ठेवा आणि त्या एका इमारतीची उंची काढा. त्याला सरकारी खुणा लागत नाहीत. गल्लीतल्या तीन वेगवेगळ्या घरांत २०१९ चे पाणी कुठपर्यंत आले होते ते विचारा. बहुतेक घरांत भिंतीवर रेघ, तारीख किंवा रंगाखालचा डाग असतो. एकाच्या सांगण्यावर जाऊ नका, आठवणीतले पाणी फूटभर इकडे-तिकडे होते. मग गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, अर्धा इंची, दहा-पंधरा मीटर लांबीची. पाणी भरताना आत बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर माप चुकते. एक टोक त्या रेघेपाशी धरा, दुसरे तुमच्या इमारतीच्या जोत्यापाशी. अंतर जास्त असेल तर मध्ये खुणा करत दोन-तीन टप्प्यांत जा.

आता हिशेब. २०१९ चे पाणी जोत्यावर चार फूट आले असेल, तर पुलावर साधारण साडेत्रेपन्न फूट झाले की त्या इमारतीत पाणी शिरते. म्हणजे २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांचे पाणी त्या जोत्याच्या पातळीवर गेलेले. दीड फूटच आले असेल, तर एकटा २०१९ चा पूर. आणि २०१९ लाही पाणी पायरीखालीच थांबले असेल, तर मुलाला निर्धास्तपणे सांगा, गावातच राहणार. ही पद्धत एका गल्लीपुरती भरवशाची आहे. पुराच्या पाण्यालाही उतार असतो, त्यामुळे सांगलवाडीतल्या रेघेवरून गावभागाचे गणित करू नका.

दुसऱ्या मजल्यावर पाणी येणार नाही, पण घर घेताना तेवढेच पाहून भागत नाही. २०१९ ला काही भागांत पाणी आठवडाभर हटले नव्हते. त्या आठवड्यात इमारत राहण्याजोगी राहते का, हे तळमजल्यावरच्या चार गोष्टींवर ठरते. वीजमीटरचा बोर्ड किती उंचीवर आहे? पूररेघेच्या खाली असेल तर वर घेण्यासाठी सोसायटीने ठराव केला आहे का? पाण्याची जमिनीतली टाकी आणि पंप कुठे आहेत? टाकीत पुराचे पाणी गेले की ती उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने धुऊन मगच वापरता येते. लिफ्टची यंत्रणा गच्चीवर आहे की खाली? पुराआधी लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन मेन स्वीच बंद करायचे काम कोणाकडे आहे? चौथी गोष्ट सांडपाण्याची, आणि तिच्याकडेच सहसा कोणी बघत नाही. पूर दारातून येण्याच्या कितीतरी आधी गटाराच्या चेंबरमधून उलटा येतो आणि तळमजल्याच्या संडासातून वर निघतो. इमारतीच्या शेवटच्या चेंबरला उलटे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवलेला असेल तर ती सोसायटी जागी आहे असे समजा.

विश्रामबागला यातले बहुतेक प्रश्न येत नाहीत. पण मोठ्या पुरात शहराचे पाणी उपसणारी यंत्रणाच बुडते, आणि मग कोरड्या विश्रामबागेतही नळाला पाणी नसते. पूर तिथेही असतो, फक्त टँकरच्या रांगेच्या रूपात.

आमचा कौल असा : मापात ती इमारत ‘फक्त २०१९’ मध्ये किंवा त्याच्याही वर बसत असेल, खाली मोकळे पार्किंग असेल आणि मीटर वर घेतलेले असतील, तर सौंचे ऐका. उतारवयात मंडई आणि देवळापर्यंत आपल्या पायांनी जाता येणे ही मोठी सोय आहे, ती शंभर फुटी रस्त्यावर पैसे देऊनही मिळत नाही. तीनही पुरांच्या पातळीखाली येणारी इमारत असेल तर मात्र विश्रामबाग. पुढे विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईकही लेव्हल पाइप घेऊन येईल.

प्रश्न : खणभागात जुना वाडा विकाऊ आहे. तीन खणांचा, मागे चौक आणि आड. तळमजल्यावर दोन जुने भाडेकरू आहेत, भाडे नाममात्र. मालक म्हणतात, ‘ते निघतील, तुम्ही घ्या.’ वाडा दुरुस्त करून राहावे की पाडून बांधावे?

‘ते निघतील’ या शब्दांवर इसाराचा एक रुपयाही देऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. वाडा विकला म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. भाडेकरू वारला तरी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे तो हक्क जाऊ शकतो. तुम्ही नवे मालक झालात तर पावती तुमच्या नावाची निघेल, एवढाच फरक. म्हणून आधी भाड्याच्या पावत्या, कोर्टात दावा चालू आहे का, आणि प्रत्यक्ष कोण राहते हे पाहा. भाडेकरू खरोखर निघणार असतील तर मोबदल्यासह त्यांचा हक्कसोड करार नोंदणीकृत करून घ्या, आणि तो खरेदीखताच्या आधी. ‘आधी खरेदी, मग समजूत’ या क्रमात अडकलेले वाडे प्रत्येक पेठेत सापडतील.

कागद : नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका घ्या. तीवरचे क्षेत्र आणि जागेवर टेपने मोजलेले क्षेत्र जुळते का पाहा. जुन्या वाड्यांत मागच्या बाजूला शेजाऱ्याने आपली दोन-चार फूट जागा दाबलेली असते, नाहीतर आपल्याच पूर्वमालकाने शेजाऱ्याची. वारसांची नावे सगळी लागली आहेत का, लग्न होऊन गेलेल्या बहिणींसकट, हे बारकाईने पाहा. मागच्या तीस वर्षांत मिळकतीचे कोणते व्यवहार झाले त्याचा शोध अहवाल घ्या. आडावर किंवा बोळावर शेजाऱ्याचा वहिवाटीचा हक्क आहे का, हे कागदात नसले तरी शेजारी सांगतील.

भिंती : पांढऱ्या मातीत रचलेली दीड-दोन फुटी भिंत कोरडी राहिली तर पिढ्यान्पिढ्या टिकते. तिला मारते ते खालून चढणारे पाणी. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पापुद्रे, पांढरी पावडर, हात लावला की माती झडणे, म्हणजे भिंतीला लोणा लागला आहे. त्यावर अनेक जण सिमेंटचा गिलावा करतात, आणि इथेच वाडा बिघडतो. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, ती आणखी वर चढते आणि आतली माती भुसभुशीत होते. दोन वर्षांत गिलावा पोपडा धरून पडतो. योग्य क्रम असा : लोणा लागलेला थर खरवडून काढायचा, भिंत एक उन्हाळाभर उघडी वाळू द्यायची, मग चुन्याचा गिलावा. पाया ओला करणारे न्हाणीचे पाणी आणि पागोळ्या आधी वळवायच्या, नाहीतर सगळा खर्च वाया.

पाहणीला जाताना ओळंबा आणि स्क्रू-ड्रायव्हर बरोबर घ्या. ओळंब्याने भिंत बाहेर झुकली आहे का ते कळते. तुळईचे जे टोक भिंतीत शिरते तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचा. सागाला वाळवी सहसा मधून लागत नाही, भिंतीतल्या ओल्या टोकाला लागते. अर्धा इंच सहज आत गेला तर ते टोक गेले. पूर पाहिलेल्या वाड्यांबाबत एक इशारा आहे. मातीची भिंत पुष्कळदा पाण्यात उभी राहते आणि पाणी ओसरल्यावर पडते, कारण मातीतला जोर गेलेला असतो आणि बाजूचा पाण्याचा आधारही निघून जातो. पूर ओसरला की लगेच आत राहायला जाऊ नये ते यासाठी.

पाडून बांधायचे असेल तर महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि पूररेषेची स्थिती लेखी घ्या. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा अपेक्षित पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २०२० पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात बांधायचे तर जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट वर घ्यावे लागते. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम नाही. तिथे फक्त जुन्या अधिकृत घराची पुनर्बांधणी होऊ शकते, तीही याच उंचीच्या अटीवर आणि पाटबंधारे खात्याच्या ना-हरकतीने. प्रत्यक्षात याचा अर्थ, रस्त्याला लागून असलेला दुकानाचा गाळा जातो आणि तिथे पार्किंग येते. तुमच्या हिशेबात त्या गाळ्याचे भाडे धरले असेल तर ते खोडा. शिवाय बोळ साडेचार मीटरपेक्षा अरुंद असेल तर बोळाच्या मध्यापासून सव्वादोन मीटर जागा सोडूनच भिंत उभी करावी लागते. तीन खणांच्या वाड्यात ही सोडलेली जागा वजा केल्यावर काय उरते, ते कागदावर आखून पाहा आणि मगच भावाला बसा.

भाडेकरूंसह, पूररेषेत आणि अरुंद बोळात, तिन्ही एकत्र असतील तर आमचे उत्तर नाही असे आहे. भाडेकरू नसतील आणि जोते उंच असेल, तर पाडू नका, दुरुस्त करा.

प्रश्न : कुपवाडच्या बाजूला दीड गुंठा जागा मिळते आहे, शामरावनगरलाही एक आहे. दोन्हीकडे एजंट म्हणतो, ‘गुंठेवारी होऊन जाईल.’ गावापेक्षा दर निम्म्याहून कमी. घ्यावी का?

‘होऊन जाईल’ आणि ‘झाली आहे’ यांतला फरक हाच दरातला फरक. गुंठेवारी म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेली जमीन; ती नियमित करण्याचा कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पडलेले भूखंड त्यात आले. त्यानंतर पाडलेल्या तुकड्याला त्या मुदतीचा उपयोग नाही, एजंटाने जुनी तारीख घातलेला नोटरीचा कागद दाखवला तरी. आराखड्यातल्या रस्त्यावर किंवा आरक्षणावर आलेले भूखंडही अडतात. म्हणून फक्त एक कागद मागा, त्या भूखंडाचे महापालिकेचे नियमितीकरण प्रमाणपत्र, नकाशासह. अर्ज केल्याची पोच म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

सातबारा पाहताना एक सापळा ओळखा. तीस-चाळीस नावे आणि प्रत्येकापुढे एक-दीड गुंठा असेल, तर तुम्ही सामाईक जमिनीतला हिस्सा घेत आहात, तो ठरावीक चौकोन नाही. रस्ता कोणाच्या हिश्शातून गेला यावर मग आयुष्यभर भांडण. गृहकर्जालाही बँक इथेच थांबते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, दीड म्हणजे १,६३३ च्या आसपास. एजंटाच्या दीड गुंठ्यात रस्त्याचा वाटा धरलेला असतो का, तेही विचारा.

आता पाणी. शामरावनगर नदीपासून लांब वाटते, पण सखल आहे. तिथे त्रास दोन प्रकारे होतो, मोठ्या पुरात नदीचा, आणि एरवीच्या जोरदार पावसात साचलेल्या पाण्याचा, कारण ते जायला वाट नाही. अशी जागा मे महिन्यात बघू नये. मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जा, पँट दुमडून. चोवीस तासांनीही पाणी हटले नसेल तर तिथे घराआधी दोन-तीन फूट भरावाचा खर्च धरा. आणि हे ध्यानात घ्या की तुम्ही भराव केलात की पाणी शेजाऱ्याकडे जाते, मग तोही भराव करतो, आणि शेवटी सगळ्यांत जुने घर खड्ड्यात जाते. तुमचे घर दहा वर्षांनी ते जुने घर असेल.

प्रश्न : धामणी रस्त्याला बंगला बांधून चार वर्षे झाली. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा गेल्या आहेत. दर उन्हाळ्यात भरून घेतो, पावसाळ्यानंतर पुन्हा दिसतात. गावातल्या आमच्या जुन्या घराला इतक्या वर्षांत असे झाले नाही. ठेकेदाराने फसवले का?

बहुधा त्याने पाया ओळखला नाही. खाली काळी कापसाची माती असणार. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते, आणि उथळ पाया तिच्याबरोबर वर-खाली होतो. गावातले घर जुन्या भरावावर, जाड भिंतींचे आणि मऊ मातीच्या सांध्यांचे. ते हलले तरी भेगा न पडता थोडे वाकून जाते. विटा-सिमेंटची भिंत वाकत नाही, फुटते.

चीर कोपऱ्यातून तिरकी जाते आणि मे महिन्यात रुंद, सप्टेंबरात बारीक होते, ही या मातीची ओळख आहे. खात्रीसाठी चिरेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि तारीख लिहा. वर्षभरात पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे. तुमची चूक ही की तुम्ही ती उन्हाळ्यात, सगळ्यांत रुंद असताना, सिमेंटने भरता. पावसाळ्यात भिंत परत मिटायला बघते, आत सिमेंटचा कडक पाचर, मग गिलावा बाजूने उडतो. लवचीक क्रॅक फिलर वापरा, तोही खालची कामे झाल्यावर.

खालची कामे अशी : घराभोवती पाच-सहा फूट रुंद फरशी, बाहेर उतार देऊन. छताच्या पाण्याचे पाइप भिंतीच्या मुळाशी न सोडता लांब न्यायचे. जोत्याला लागून असलेली बाग आणि रोजचे पाणी बंद. पायाजवळचे मोठे झाड काढायचे की ठेवायचे, ते एकदम ठरवू नका. झाड तोडल्यावर माती एकाएकी फुगते. साधारणपणे झाडाच्या उंचीइतके अंतर घरापासून असावे.

ज्यांनी अजून बांधलेले नाही त्यांच्यासाठी : मातीची फुगण्याची चाचणी कोणत्याही स्थापत्य प्रयोगशाळेत होते. बारीक चाळलेली १० ग्रॅम माती एका नळीत पाण्यात आणि दुसरीत केरोसीनमध्ये चोवीस तास ठेवतात, आणि पाण्यातली माती किती टक्के जास्त फुगली ते मोजतात. ५० टक्क्यांच्या वर गेली तर अंडर-रीम्ड पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल नेलेल्या आणि तळाशी फुगवलेल्या काँक्रीटच्या खांबांचा पाया घ्या. खोली निदान साडेतीन मीटर, तळाचा फुगवटा खांबाच्या अडीच पट, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या पाइलला ७५. आणि जोत्याची तुळई जमिनीला टेकता कामा नये, खाली किमान ८० मिलिमीटर मोकळी जागा हवी. ठेकेदार ती जागा मातीने भरून ‘पक्के’ करतो, तेव्हा तिथे उभे राहा.

प्रश्न : गावातल्या तळमजल्याच्या घराचा पुरासाठी विमा मिळतो का? सामानाचाही?

मिळतो. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्या देत असलेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीत पुराचे संरक्षण आहे. इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानाचे संरक्षण त्यात आपोआप येते. जास्त हवे असेल तर सामानाची यादी द्यावी लागते. भाडेकरूंनाही फक्त सामानाचा विमा घेता येतो. पूर येण्याची चिन्हे दिसल्यावर विमा काढायला गेलात तर उपयोग नाही, मे महिन्यातच काढा. फ्रिज, वॉशिंग मशीन, कपाट यांचे फोटो, बिले आणि मीटर बोर्डाचा फोटो फोनमध्ये नको, मुलांच्या ई-मेलवर पाठवून ठेवा. पाणी ओसरल्यावर घर धुण्याआधी भिंतीवरच्या रेघेजवळ मोजपट्टी धरून फोटो काढा, आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत भिजलेल्या वस्तू फेकू नका. सडलेले धान्य तेवढे फोटो काढून लगेच टाका.